विश्लेषण : जुन्या गाडीला रंग द्यायचाय? स्वस्त गॅरेज निवडताना आधी रंगाखालचं पाहा!

आमच्या घरची वॅगनआर २०१० सालची. बाबांनी ती शोरूममधून आणली तेव्हा मी शाळेत होते. चंदेरी रंग, मागच्या काचेवर गणपतीचं स्टिकर आणि पहिले सहा महिने सीटवरचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं. २०२४ उजाडेपर्यंत बॉनेट आणि छतावर पांढरे चट्टे पडले, दारांच्या खालच्या कडेला गंज दिसायला लागला. गाडी मात्र ठणठणीत चालत होती. मग घरात ठरलं की विकायची नाही, रंग द्यायचा.

एप्रिलमध्ये तीन ठिकाणी भाव काढला. घराजवळच्या रस्त्याकडेच्या गॅरेजने पूर्ण गाडीचे २२ हजार सांगितले. भोसरीकडच्या एका वर्कशॉपने ४२ हजार, तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने ७८ हजार. आम्ही अर्थातच २२ हजारांना हो म्हटलं. पाचव्या दिवशी गाडी आरशासारखी चमकत दारात उभी राहिली आणि बाबांनी सोसायटीत पेढे वाटले.

त्याच पावसाळ्यात दारांवर फोड आले. दहाव्या महिन्यात बॉनेटचा रंग पापुद्र्यासारखा सुटू लागला. पुढे नोंदणीच्या नूतनीकरणाआधी मेकॅनिकने गाडी वर घेतली आणि ड्रायव्हरच्या बाजूच्या रनिंग बोर्डवर स्क्रू ड्रायव्हर टेकवला, तो सरळ आत गेला. तिथे पत्रा उरलाच नव्हता. होती ती फक्त लांबी आणि तिच्यावर मारलेला चंदेरी रंग.

मी मेकॅनिकल इंजिनीअर आहे. लोखंड का गंजतं यावर परीक्षेत पानभर लिहिलेलं आहे. तरीही गॅरेजमध्ये मी एकच प्रश्न विचारला होता, 'किती पैसे होतील?' तो प्रश्न चुकीचा नव्हता, पण एकटा पुरेसाही नव्हता. जुन्या गाडीच्या रंगकामात आपण खरे पैसे मोजतो ते रंगाखालच्या कामाचे, आणि गाडी हातात येते तेव्हा नेमकं तेच झाकलेलं असतं. म्हणून माझं मत असं झालंय की परवडणारं गॅरेज म्हणजे सर्वांत कमी आकडा सांगणारं गॅरेज नाही. जे गॅरेज रंग मारण्याआधी उघडा पत्रा तुम्हाला बोलावून दाखवतं, ते परवडणारं.

मूळ रंग जातो कशामुळे?

कारखान्यातून येणाऱ्या गाडीवर साधारणपणे चार थर असतात. सगळ्यात आत गंजरोधक लेप. त्यासाठी गाडीचा अख्खा सांगाडा टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने लेप चढवतात, त्यामुळे तो खाचाखोचांत पोहोचतो. त्यावर प्रायमर, मग रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट. हे चारही थर मिळून जाडी भरते साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या दुप्पट धरा.

उन्हातली अतिनील किरणं आधी क्लिअर कोट खातात. छत आणि बॉनेट दिवसभर उन्हात तापतात, म्हणून पांढरे चट्टे तिथेच आधी पडतात. खालच्या भागाचं दुखणं वेगळं. तिथे चिखल, पाणी आणि कोकणपट्टीत खारी हवा काम करते. दारांच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी बारीक छिद्रं असतात. ती मातीने बुजली की दार आतून गंजतं आणि बाहेर फोड दिसतो तेव्हा आतलं नुकसान बरंच पुढे गेलेलं असतं.

म्हणजे 'रंग गेला' या एका तक्रारीत दोन वेगळे आजार आहेत. वरून गेलेला रंग हा दिसण्याचा प्रश्न आहे, आतून आलेला गंज हा पत्र्याचा. दोन्हींवर एकच औषध देणारं गॅरेज असेल, तर तिथेच सावध व्हायला हवं.

पूर्ण गाडी रंगवायलाच हवी का?

बहुतेक वेळा नाही. गाडीचे बाहेरचे भाग मोजा. बॉनेट, छत, डिकी, दोन बंपर, चार दारं आणि चार चाकांवरचे चार भाग. असे १३ होतात. यातले किती खरोखर खराब आहेत, हे गाडी स्वच्छ धुऊन सकाळच्या उजेडात पाहा आणि कागदावर लिहा. क्लिअर कोट अजून शाबूत असेल आणि फक्त चमक गेली असेल, तर रबिंग-पॉलिशवर काम भागतं. अर्थात प्रत्येक रबिंगमध्ये वरचा थर थोडा घासला जातो, त्यामुळे ते दर दोन-तीन महिन्यांनी करण्याचं काम नव्हे.

नखाने खरवडल्यावर रंगाचे पापुद्रे निघतात, पांढरा चट्टा पाणी मारल्यावर दिसेनासा होतो आणि वाळल्यावर परत येतो, किंवा कुठे फोड आहे, तो भाग रंगवायला लागेल. बाकीचा राहू द्या. कारखान्यात रंग भाजला जातो तो १४० अंश सेल्सिअसच्या आसपास. जोडणी झालेल्या गाडीत वायरी, प्लास्टिक, रबर असतं, म्हणून वर्कशॉपच्या बूथमध्ये साधारण ६० अंशांपर्यंतच जाता येतं. त्यामुळे शाबूत असलेला मूळ रंग काढून नवा देणं हा बहुतांश वेळा तोट्याचा सौदा असतो.

इथे एक हिशेबही करा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. एप्रिल २०२२पासून १५ वर्षांवरील खासगी मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्कच पाच हजार रुपये झालं, वर आपल्या राज्यात पर्यावरण कर वेगळा. तेव्हा गाडी अजून किती वर्षं ठेवायची हे आधी ठरवा आणि रंगाचा खर्च तेवढ्या महिन्यांनी भागा. आमचे २२ हजार दहा महिने टिकले, म्हणजे महिन्याला २,२०० रुपये पडले. ४२ हजारांचं काम पाच वर्षं टिकलं असतं, तर महिन्याला ७०० रुपये पडले असते.

आणि गाडी वर्षभरात विकायचीच असेल तर? मग रंग देऊ नका. ताजा रंग पाहिला की गाडी घेणाऱ्याला आधी अपघाताचा संशय येतो. रंगाचे पैसे विक्रीच्या किमतीत क्वचितच वसूल होतात.

२२ हजार आणि ४२ हजार, फरक जातो कुठे?

रंगाच्या डब्यात त्यातला थोडाच जातो, बाकीचा हातांच्या कामात. जुना रंग घासणं, गंज पांढऱ्या पत्र्यापर्यंत काढणं, ठोकपीट करून पत्रा सरळ करणं, लांबी भरून ती पुन्हा घासणं, प्रायमर मारून परत घासणं, यात माणसांचे दिवस लागतात. प्रत्यक्ष रंग मारायला काही तास पुरतात. स्वस्तात काम करायचं तर दिवस कमी करावे लागतात, आणि दिवस कमी होतात ते घासण्यातले.

दुसरा फरक सामानाचा. गॅरेजमध्ये तुम्हाला 'एनसी' आणि 'पीयू' हे दोन शब्द ऐकू येतील. एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोज. जुनी मंडळी ज्याला सरसकट 'ड्युको' म्हणतात, तो मुळात याच जातीचा रंग. त्यातला थिनर उडाला की तो वाळतो. काम झटपट होतं, पण ऊन आणि पेट्रोलपुढे त्याचा टिकाव कमी. पीयू म्हणजे पॉलियुरेथेन. त्यात हार्डनर मिसळावा लागतो आणि दोन्हींची रासायनिक क्रिया होऊन थर कडक होतो. तो महाग पडतो, पण टिकतो.

फसवणूक ओळखायची एक सोपी चाचणी आहे. काम होऊन आठवडा झाला की दाराच्या आतल्या, न दिसणाऱ्या कडेवर थिनरमध्ये भिजवलेलं पांढरं फडकं हलकेच घासा. फडक्याला रंग लागला, तर हार्डनर घातलेलाच नाही किंवा कमी घातलाय. ही चाचणी करणार असल्याचं काम द्यायच्या आधीच सांगून टाका, अर्धं काम तिथेच होतं.

तिसरा फरक भाग काढण्याचा. चांगलं वर्कशॉप दारांचे हँडल, दिवे, आरसे, बीडिंग काढून रंग मारतं. घाईचं काम असेल तर त्यावर मास्किंग टेप आणि वर्तमानपत्र चिकटवून भागवतात. आमच्या गाडीच्या काचांवर तेव्हा आमच्याच पेपरच्या पुरवण्या चिकटवलेल्या मी पाहिल्या आणि मला गंमत वाटली होती. सहा महिन्यांनी रबराच्या कडेपासूनच रंग उचलला गेला. टेपच्या कडेला रंगाचा थर तुटका राहतो आणि पाणी तिथून आत शिरतं.

लांबी वाईटच असते का?

मुळीच नाही. ठोकपीट केलेल्या पत्र्यावर बारीक उंचसखलपणा राहतो, तो भरायला लांबी लागतेच. प्रश्न तिची जाडी किती आणि ती कशावर बसवली आहे, हा आहे. पत्रा आधी सरळ करायचा आणि मग पातळ थर द्यायचा, हा नियम. खड्डा तसाच ठेवून त्यावर लांबी थापणं, हा आळस. आणि गंजावर लांबी थापणं म्हणजे फोड झाकून वर पावडर लावणं.

त्याचं कारण साधं आहे. लांबी पाणी धरून ठेवते आणि गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. आत गंज वाढत जातो, लांबीला आतून ढकलतो आणि वर फोड येतो. आपल्याकडे लांबी पाणी मारून घासण्याची पद्धत आहे. ती पूर्ण वाळू न देता प्रायमर मारला, तर तेच पाणी आत बंद होतं.

मऊ कापडात गुंडाळलेला एक लहान लोहचुंबक खिशात ठेवा. पत्र्यावर तो चिकटतो, जाड लांबीवर घसरतो. बंपर प्लास्टिकचा असतो, तिथे ही चाचणी चालत नाही. जुन्या गाड्या विकत घेणारे हेच काम जाडी मोजण्याच्या यंत्राने करतात.

आता सर्वांत महत्त्वाचं. आजच्या मोटारींना वेगळी चॅसी नसते, सांगाडा हाच गाडीचा कणा. रनिंग बोर्ड, सस्पेन्शन जिथे बसतं ते भाग, तळाचे पत्रे हे अपघातात धक्का झेलतात. तिथे पत्रा सडला असेल, तर तो कापून नवा वेल्ड करणं हा एकच मार्ग आहे. लांबीने छिद्र बुजवणारा मिस्त्री तुमचे पैसे वाचवत नाही. आमच्या गाडीत दहा महिने बाबा रोज त्या बाजूला बसत होते. मला राग रंग उडाल्याचा नाही, याचा आहे.

गॅरेज पाहायला गेल्यावर काय पाहायचं?

फोनवर भाव विचारू नका, जा. शक्यतो दुपारी, काम चालू असताना. माझ्यासारखी मुलगी गेली की गॅरेजवाले काका सोबतच्या बाबांशीच बोलतात, तरी प्रश्न आपणच विचारायचे. दोन-चार नेमके प्रश्न विचारले की बोलण्याचा सूर बदलतो, हा स्वानुभव.

पहिलं, तिथे अर्धवट झालेल्या गाड्या पाहा. घासलेल्या कडा सलग उतरत्या आहेत की पायरी दिसते? उघडा पत्रा तसाच दोन-दोन दिवस पडून आहे का? आपल्या हवेत उघड्या पत्र्यावर एका रात्रीत तांबूस झाक चढू शकते. चांगला मिस्त्री त्यावर लगेच इपॉक्सी प्रायमर मारतो.

दुसरं, रंग कुठे मारतात ते पाहा. बूथ असेल तर उत्तमच. तो नसेल, पण बंद खोली असेल, फरशी ओली करून धूळ बसवत असतील, शेजारी ग्राइंडर चालत नसेल, तरी चालून जातं. कंप्रेसरमधलं पाणी काढून टाकायची सोय आहे का, हे विचारा. हवेतलं पाणी नळीतून रंगात आलं की बारीक खड्डे पडतात.

तिसरं, रंग जुळवतात कसा? प्रत्येक गाडीचा रंगाचा कोड असतो, तो दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर मिळतो. पण १५ वर्षं उन्हात राहिलेल्या गाडीचा रंग कोडाप्रमाणे राहिलेला नसतो. म्हणून आधी पट्टीवर नमुना मारून गाडीशेजारी, उन्हात धरून पाहायला हवा. पांढरा रंग जुळवणं त्यातल्या त्यात सोपं. चंदेरीसारखा मेटॅलिक रंग अवघड, कारण त्यातल्या बारीक कणांची दिशा बदलली तरी छटा बदलते. अशा वेळी शेजारच्या भागावर रंग विरत नेतात. ते करणार का, हे विचारा.

चौथं, नव्या गाड्यांचे फोटो नकोत, दोन पावसाळे पाहिलेली एखादी गाडी दाखवा म्हणा. ताजा रंग कोणाचाही छान दिसतो. आमचाही दिसला होता.

कोटेशन तोंडी नको, लेखी हवं

'सगळं होऊन जाईल, ताई, तुम्ही काळजी करू नका' या वाक्याला कोटेशन म्हणत नाहीत. कागदावर किंवा निदान व्हॉट्सॲपवर खालील गोष्टी लिहून घ्या :

१. कोणकोणते भाग रंगवणार, नावानिशी.
२. कुठला गंज काढणार आणि कुठे पत्रा कापून वेल्ड करणार.
३. रंग एनसी की पीयू, कंपनी कोणती आणि हार्डनर व क्लिअर कोट त्याच कंपनीचे का. डबे तुमच्यासमोर उघडायचे.
४. कोणते भाग काढून रंग मारणार.
५. सामानाचे पैसे किती, मजुरी किती.
६. आत जास्त गंज निघाला, तर तुम्हाला विचारल्याशिवाय खर्च वाढवायचा नाही.
७. प्रायमर मारण्याआधी तुम्हाला गाडी पाहायला बोलवायचं.
८. किती महिन्यांत फोड आला किंवा रंग सुटला, तर मोफत दुरुस्ती.

पैसे तीन हप्त्यांत द्या. थोडे सुरुवातीला, थोडे उघडा पत्रा पाहून झाल्यावर, उरलेले ताबा घेताना. सातवा मुद्दा कोणी टाळला, तर तिथून परत फिरा. बाकी सातही मुद्द्यांवर घासाघीस होऊ शकते, या एका मुद्द्यावर नाही.

आरटीओ आणि विम्याचं काय?

तोच रंग पुन्हा देत असाल, तर प्रश्न नाही. रंग बदलायचा असेल, तर लक्षात ठेवा की तो आरसीवर नोंदलेला असतो आणि गाडीतले बदल मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२खाली येतात. म्हणजे बदल आरटीओत नोंदवावा लागतो. आणि ऑलिव्ह ग्रीन, म्हणजे लष्करी हिरवा, खासगी गाडीला चालतच नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार तो संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखीव आहे. जुनी जीप सजवणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

एप्रिल २०१९पूर्वीच्या गाड्यांना आता एचएसआरपी पाटी बसवावी लागली आहे. तिचं लॉक एकदा काढलं की पुन्हा वापरता येत नाही. तेव्हा बंपर आणि डिकीचं काम करताना पाटीचं काय करणार, हे आधीच ठरवा. शक्य असेल तर रंगकाम आधी, पाटी नंतर.

विम्यातून रंग? जुनाटपणा आणि गंज विम्यात बसत नाही. नुसता थर्ड पार्टी विमा असेल, तर विषयच संपला. सर्वसमावेशक पॉलिसी असेल आणि धडक बसली असेल, तर रंगाच्या सामानावर ५० टक्के घसारा कापतात. बिलात सामान आणि मजुरी वेगळी दाखवली नसेल, तर एकूण रंगकामाच्या २५ टक्के रक्कम सामानाची धरतात. म्हणजे २० हजारांच्या एकत्रित बिलात पाच हजार सामानाचे आणि त्यातून अडीच हजार कापले जाणार. शिवाय १,५०० सीसीपर्यंतच्या मोटारीला एक हजार रुपयांचा सक्तीचा वाटा स्वतः उचलावा लागतो. आणि क्लेम केला की नो क्लेम बोनस जातो, जो ५० टक्क्यांपर्यंत साठलेला असू शकतो. एखाद-दुसऱ्या भागासाठी क्लेम करण्याआधी हे गणित मांडा.

मुहूर्त कोणता?

दिवाळीनंतर ते मार्चपर्यंतचे दिवस सर्वांत बरे. हवा कोरडी असते, रंग नीट वाळतो. हवेत ओल असेल तर एनसी रंगावर पांढुरकी झाक येते, आणि पीयूच्या हार्डनरची पाण्याशी क्रिया होऊन बुडबुडे राहू शकतात. पावसाळ्यात काम करायचंच असेल तर बूथ असलेल्या ठिकाणीच करा. 'गणपतीच्या आधी करून द्या' असा लकडा आपणच लावतो आणि मिस्त्रीला लांबी ओली असताना पुढे जायला भाग पाडतो, हेही कबूल करायला हवं.

ताबा घेताना गाडी दिवसाउजेडी, कोरडी पाहा. रात्री ट्यूबलाइटखाली सगळं छान दिसतं. तिरक्या नजरेने पाहिल्यावर ओघळ, संत्र्याच्या सालीसारखा पोत, अडकलेले कण दिसतात. दारांच्या तळाची छिद्रं रंगाने किंवा लांबीने बुजलेली नाहीत ना, तेही बघा. पहिला महिनाभर वॅक्स-पॉलिश नको आणि घट्ट कव्हरही नको.

स्वस्ताची किंमत मिस्त्रीही मोजतो

एक मुद्दा सहसा कुठल्याच यादीत नसतो. पीयू रंगाच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. फवाऱ्यातून ते श्वासात गेले, तर कायमचा दमा जडू शकतो. तोंडाला बांधलेला रुमाल त्याला अडवत नाही. कार्बनच्या डब्यांचा मास्क हवा, त्याहून चांगली सोय म्हणजे बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क. मी पाहिलेल्या तीन ठिकाणांपैकी एकाच ठिकाणी रंगारी धड मास्क लावून होता.

कोणी म्हणेल, गाडी रंगवायला आलोय, गॅरेज सुधारायला नाही. मला तसं वाटत नाही. जो मालक कारागिराच्या मास्कवर पैसे वाचवतो, तो तुमच्या गाडीच्या प्रायमरवर वाचवणार नाही, याची खात्री कोण देणार? शेवटचे दोन हजार कमी करून घेताना ते कुठून कमी होतायत, याचा विचार करायला हरकत नसावी.

याचा अर्थ लहान गॅरेज वाईट, असा अजिबात नाही. पत्र्यावरचा सर्वांत कसबी हात अनेकदा रस्त्याकडेच्या शेडमध्येच सापडतो, आणि मोठ्या ठिकाणी ठोकपीट करण्याऐवजी थेट भाग बदलण्याचा आग्रह होतो. जुन्या गाडीसाठी मधल्या फळीतलं वर्कशॉप मला सर्वांत योग्य वाटतं. जिथे मालक स्वतः कामावर उभा असतो आणि गाडी कोणत्या टप्प्यावर आहे, हे विचारल्यावर त्याला राग येत नाही.

आमच्या गाडीचं पुढे काय झालं?

शेवटी आम्ही त्याच भोसरीच्या वर्कशॉपमध्ये गेलो. तिथल्या मिस्त्रींनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, 'ताई, तेव्हाच आला असतात तर छताला हातही लावला नसता. आता वरचा कच्चा रंग आधी काढावा लागेल.' खर्च ४६ हजारांवर गेला, रनिंग बोर्डचं वेल्डिंग धरून. म्हणजे २० हजार वाचवायला गेलो आणि एकूण ६८ हजार मोजले.

सातव्या दिवशी त्यांचा फोन आला, 'पत्रा उघडा केलाय, बघून जा.' मी आणि बाबा गेलो. गाडी कुरूप दिसत होती, ठिकठिकाणी राखाडी, मध्येच चकचकीत पत्रा. रनिंग बोर्डच्या नव्या पट्टीवर वेल्डिंगची रेघ होती. बाबांनी खाली वाकून तिथे बोटाने दाबून पाहिलं. मग मला म्हणाले, 'इथं फोटो काढ.' पहिल्या वेळी त्यांनी चमकणाऱ्या बॉनेटशेजारी उभं राहून फोटो काढला होता.

या नव्या रंगाने अजून एकही पावसाळा पाहिलेला नाही, त्यामुळे तो किती टिकेल याची हमी मी देत नाही. आत काय आहे, हे मात्र या वेळी आम्हाला माहीत आहे. तुम्हीही गाडी रंगवायला द्याल तेव्हा आकडा विचाराच. पण त्याच्या आधी विचारा, 'रंग मारण्याआधी मला बघायला बोलवाल ना?'